शाहू महाराजांनंतरचे हजार दिवस : साताऱ्याच्या वारसाहक्काचा प्रकरण अभ्यास

मार्गशीर्ष वद्य 3, शके 1671, म्हणजे 15 डिसेंबर 1749. या दिवशी साताऱ्याच्या रंगमहालात छत्रपती शाहू महाराजांचे निधन झाले. वय 67 वर्षांचे. जानेवारी 1708 मध्ये राज्याभिषेक झाल्यापासून ते जवळजवळ 42 वर्षे गादीवर होते. ते गेले तेव्हा चाळिशीच्या आतल्या कुठल्याही मराठा शिपायाने, कारकुनाने किंवा पाटलाने साताऱ्यात दुसरा राजा पाहिलेला नव्हता. (14 सप्टेंबर 1752 च्या आधीच्या इंग्रजी तारखा येथे त्या काळच्या जुन्या इंग्रजी गणनेप्रमाणे दिल्या आहेत. आजच्या गणनेशी जुळवायचे तर 11 दिवस मिळवावेत. तिथीशी पडताळा घेताना हा फरक हटकून आडवा येतो.)

त्या दिवसापासून 14 सप्टेंबर 1752 रोजी जेजुरीला झालेल्या शपथेपर्यंतचा काळ सुमारे हजार दिवसांचा. तो महिन्यांच्या क्रमाने पाहिला, तर दीर्घकाळ गादीवर असलेला राजा गेल्यावर राज्याची कोणती खिळी निघते आणि ती कोण, कशी परत ठोकू पाहते, ते उघड दिसते.

शाहू महाराज नेमके काय करत होते

1730 नंतर महाराज मोहिमेवर फारसे गेले नाहीत, कारभार पेशवे करत, महाराज नुसते बसून असत, असे सर्रास सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. फौज त्यांच्या हाताखाली नव्हती, पण तंटा तोडण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता आणि तो सगळे मानत. 1731 मध्ये डभईच्या लढाईत बाजीरावांच्या फौजेशी लढताना सेनापती त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले. तेव्हा दाभाडे घराण्याची समजूत महाराजांनीच काढली. 1743 मध्ये नागपूरचे सेनासाहेब सुभा रघूजी भोसले आणि नानासाहेब पेशवे बंगालच्या चौथाईवरून एकमेकांवर फौजा घेऊन उठले. महाराजांनी दोघांना साताऱ्याला बोलावून हद्दी ठरवून दिल्या आणि बंगाल, बिहार, ओरिसाकडचा बराच हक्क रघूजींकडे गेला. पेशव्यांना हा निवाडा गोड लागण्याचे कारण नव्हते, तरी त्यांनी तो पाळला.

दोन बलाढ्य सरदारांना लढाईवाचून परत पाठवू शकेल, अशी जागा राज्यात एकच होती. दुसरे असे की, पेशव्यासह प्रत्येक प्रधानाला पदाची वस्त्रे छत्रपतींकडून मिळत. सरंजाम, इनामे, वतने यांच्या सनदांवर छत्रपतींचा शिक्का लागे. गादीवर नवा राजा आला की जुन्या सनदा पुन्हा करून घ्यायची रीत होती. म्हणून राजा गेला की देशमुखापासून सेनासाहेब सुभ्यापर्यंत ज्याच्या हाती कागद होता, त्या प्रत्येकाचे मन धास्तावलेले असे: उद्या हा कागद कोण चालू ठेवणार?

वारसाचा तिढा

महाराजांना औरस मुलगा नव्हता. धाकट्या राणी सगुणाबाई 1748 मध्ये वारल्या, थोरल्या सकवारबाई हयात होत्या. गादीसाठी नावे बरीच फिरली, पण एकही निर्वेध नव्हते.

कोल्हापूरचे संभाजी महाराज थोरल्या शिवाजी महाराजांचे नातू. रक्ताने सर्वांत जवळचे, पण वय पन्नाशीच्या पुढे, स्वतःलाही मूल नाही, आणि 1731 च्या वारणेच्या तहापर्यंत साताऱ्याशी हाडवैर. फत्तेसिंह भोसले महाराजांनी मुलासारखे वाढवले होते, मात्र ते जन्माने लोखंडे घराण्यातले. नागपूरकर रघूजींचा मुलगा दत्तक घ्यावा असाही विचार निघाला होता. तसे झाले असते तर आधीच मोठ्या असलेल्या सरदाराच्या घरात गादी गेली असती, आणि पेशव्यांना ते चालणारे नव्हते.

अशा वेळी छत्रपती राजारामांच्या विधवा पत्नी महाराणी ताराबाईंनी नवीनच गोष्ट सांगितली. त्यांचा मुलगा दुसरा शिवाजी 1726 मध्ये वारला, त्यानंतर सुनेला मुलगा झाला, आणि सवत राजसबाईंच्या भीतीने तो लपवून वाढवला, असे त्यांचे म्हणणे. बार्शीजवळच्या पानगावला बहीण दर्याबाई निंबाळकर यांच्याकडे तो वाढला होता. हाच पुढचा रामराजा. थोरल्या शिवाजी महाराजांचा पणतू, वय तेवीसच्या आसपास. शाहू महाराजांनी ही हकीकत मानली. सकवारबाईंनी मुलगा तोतया आहे असे म्हणत प्रतिनिधी जगजीवन आणि त्यांचे मुतालिक (कारभारी) यमाजी शिवदेव यांच्याशी संधान बांधले.

इथे महाराजांची मोठी चूक झाली. रामराजावर विश्वास बसला होता, तर स्वतः हयात असतानाच त्याला साताऱ्यात आणून, दरबार भरवून, सरदारांच्या देखत मांडीवर घ्यायला हवे होते. दत्तविधान हे राजाने स्वतः करायचे काम. साक्षीदार जितके जास्त, तितके ते पक्के. महाराजांचे आजारपण महिनोन्‌महिने चालले होते, म्हणजे वेळ हाताशी होता. राणीचा विरोध आणि घरातली कुरबुर टाळण्यासाठी ते लांबणीवर पडत गेले. पुढच्या हजार दिवसांतली बहुतेक भांडणे या एका न झालेल्या विधीपाशी जाऊन थांबतात.

दोन यादी

दत्तविधानाऐवजी महाराजांनी कागद केला. नानासाहेब पेशव्यांच्या नावाने दोन छोट्या यादी, म्हणजे टिपणे, महाराजांच्या स्वतःच्या हातच्या. आशय असा: तुम्ही फौज धरावी. बाकीच्यांना सांगून पाहिले, त्यांच्या दैवी नव्हते. माझे दुखणे बरे होत नाही. राज्यभार चालला पाहिजे, पुढे वंश बसवावा, पण कोल्हापूरकरांना आणू नये. चिटणिसाला सर्व सांगितले आहे, त्यांच्या विचाराने चालावे. जो वंश बसेल त्याच्या आज्ञेत राहून राज्यमंडळ चालवावे, आणि तोही तुमची घालमेल करणार नाही. हा चिटणीस म्हणजे खंडो बल्लाळांच्या घराण्यातले गोविंदराव.

यादी अस्सल की नाही, यावर इतिहासकारांत वाद झाला आहे, कारण सगळा लाभ पेशव्यांचा. पण यादी खऱ्या धरूनच त्यांतला मजकूर नीट वाचावा. एका ओळीत पेशव्याला सगळी सत्ता, आणि लगेच पुढे त्याने राजाच्या आज्ञेत राहावे. राजाने पेशवा बदलायचा नाही, पेशव्याने राजाची आज्ञा मोडायची नाही, मग दोघांचे पटले नाही तर शेवटचा शब्द कुणाचा? त्याचे उत्तर यादीत नाही. आधी असा प्रश्न आला की तो महाराजांपुढे जात असे. आता विचारायलाच कुणी उरले नव्हते. आणखी एक उणीव: वारसाचे नावच लिहिलेले नाही. ‘पुढे वंश बसवणे’ एवढ्यावर भागवले, म्हणजे रामराजाचा हक्क कागदावर आलाच नाही. तो चिटणिसाच्या आणि पेशव्याच्या तोंडीच राहिला.

वीस दिवस

पेशवे फौजेसह साताऱ्यात तळ देऊन होते, त्यामुळे पुढच्या हालचाली झपाट्याने झाल्या. निधनाची खबर पसरण्याआधी शहराच्या वाटा आणि वेशी पेशव्यांच्या स्वारांनी धरल्या. प्रतिनिधी आणि यमाजी शिवदेव यांना कैद केले. सकवारबाईंचे मुख्य आधार याच रात्री तुटले. रामराजाला आणण्यासाठी पानगावकडे बंदोबस्त रवाना झाला.

साताऱ्याच्या पूर्वेला पाचेक किलोमीटरवर, कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात त्या माहुलीला महाराजांचा दहनविधी झाला. सकवारबाई तिथे सती गेल्या. त्यांनी आधी तसे बोलून दाखवले होते, पेशव्यांनी ते पकडून त्यांच्यावर आणि माहेरच्या शिर्क्यांवर दबाव आणला, असा आरोप जुना आहे. सगळे इतिहासकार तो मान्य करत नाहीत. दबाव होता की नव्हता, याचा निकाल बाजूला ठेवला तरी एवढे खरे की, रामराजाला तोतया म्हणणारी साताऱ्यातली सर्वांत अधिकारी व्यक्ती त्या चितेवर गेली. संगम माहुलीच्या वाळवंटात आजही शाहू महाराजांची समाधी आहे. जवळच त्यांच्या आवडत्या खंड्या कुत्र्याचे स्मारक दाखवतात.

15 डिसेंबर ते 4 जानेवारी 1750 असे 20 दिवस गादी रिकामी होती. सुतक, पानगावाहून प्रवास, मुहूर्त या सगळ्यांचे हे दिवस. या काळात शिक्का चालवायला राजा नव्हता आणि लेखी आधार म्हणून होत्या त्या दोन यादी. 4 जानेवारीला साताऱ्यात रामराजाचे राज्यारोहण झाले. तलवार उपसली न जाता एवढे पार पडले, आणि याचे श्रेय नानासाहेबांच्या तयारीला द्यायलाच हवे. शेजारी पाहावे: निजामुल्मुल्क 1748 मध्ये गेला, त्यानंतर डिसेंबर 1750 मध्ये नासिरजंग आणि फेब्रुवारी 1751 मध्ये मुजफ्फरजंग, असे गादीचे दोन दावेदार तीन महिन्यांत मारले गेले.

नागपूरकर रघूजींची परीक्षा अजून बाकी होती. त्यांनी अट घातली: ताराबाईंनी जातभाईंच्या पंगतीत रामराजासोबत जेवावे आणि त्या अन्नाची शपथ घेऊन हा आपला नातू आहे असे सांगावे. त्या काळात जातीचा आणि रक्ताचा याहून मोठा पुरावा नव्हता, कारण खोटे ठरले तर जेवणारी स्वतः बाटणार. ताराबाईंनी शपथ घेतली. रघूजींनी राजा मानला, आणि पेशव्यांकडून वऱ्हाड, गोंडवन, बंगालच्या सनदा नव्या करून घेतल्या. राजा मान्य करणे आणि कागद नवे करून घेणे असा हा रोकडा व्यवहार होता. बहुतेक सरदारांनी पुढच्या काही महिन्यांत तोच केला.

सांगोला

नानासाहेबांनी राजा बसवला, पण त्याच्या आजीचा विचार पुरता केला नाही. ताराबाईंचे वय पंचाहत्तरीच्या घरात होते. औरंगजेबाशी टक्कर देत राज्य चालवलेली ही बाई नातवाच्या नावाने पेशव्याने कारभार करावा म्हणून त्याला पुढे आणत नव्हती, ते राज्य तिला स्वतः चालवायचे होते. राजारामाच्या समाधीच्या दर्शनाचे निमित्त करून त्या सिंहगडावर गेल्या आणि अष्टप्रधानांतल्या सचिवाला आपल्या बाजूला ओढू लागल्या. पेशव्यांनी त्यांना सन्मानाने पुण्याला बोलावून समजूत काढली, आणि तुंग, तिकोना हे किल्ले देऊन सचिवाकडून सिंहगड आपल्याकडे घेतला. पुण्याच्या डोक्यावरचा किल्ला दुसऱ्याच्या हाती ठेवणे परवडणारे नव्हते.

दरम्यान यमाजी शिवदेव निसटून सांगोल्याला उठले. सदाशिवरावभाऊ रामराजाला बरोबर घेऊन तिकडे गेले आणि सप्टेंबर 1750 मध्ये बंड मोडले. त्याच मुक्कामात रामराजाकडून करार झाला: राज्याचा सगळा अधिकार पेशव्यांकडे, त्यांच्या कामांना राजाची संमती, राजाच्या खर्चाला साताऱ्याभोवतीचा थोडा मुलूख. यादीत मोकळा राहिलेला प्रश्न इथे निकालात निघाला. शेवटचा शब्द पेशव्याचा.

करारातले नुकसान दिसायला वेळ लागला. शाहू महाराजांनी दिलेला अधिकार राजाच्या मर्जीने दिलेला होता, म्हणून इतर सरदारांना तो मान्य होता. सांगोल्याचा कागद छावणीतला, चहूकडे पेशव्यांची फौज असताना नऊ महिन्यांच्या राजाने दिलेला. रघूजी, गुजरातचे दमाजी गायकवाड, कोकणातले आंग्रे यांनी तो राजाचा हुकूम म्हणून का मानावा? त्यांच्या लेखी पेशवे हे त्यांच्यासारखेच एक सरदार होते.

चंपाषष्ठी

पेशव्यांची सर्वांत घातक हयगय अजिंक्यताऱ्याची. खाली शहरात राजवाडा, वर किल्ला, आणि किल्ल्यावर ताराबाईंचा वावर. तिथली शिबंदी त्यांना मानणारी. सांगोल्यानंतर नानासाहेब निजामाच्या मुलखाकडे फौज घेऊन निघाले आणि साताऱ्यात पुरेसा बंदोबस्त राहिला नाही.

24 नोव्हेंबर 1750, मार्गशीर्ष शुद्ध 6, चंपाषष्ठी. ताराबाईंनी रामराजाला सणाच्या जेवणाला वर बोलावले. बोलणी झाली, पेशव्यांचा कारभार आपल्या हाती घ्यावा असा त्यांचा आग्रह. रामराजा ऐकेना. तो उतरायला निघाला तेव्हा किल्ल्याचे दरवाजे लागले. छत्रपती त्या दिवसापासून कैदी.

गादीचा अधिकार आणि गादीचा माणूस वेगळे केले, तर माणूस कुणाच्याही हाती लागू शकतो, हे इथे प्रत्यक्ष घडले. पेशव्यांकडे कराराचा कागद होता, ताराबाईंकडे राजा. दोन्ही एका ठिकाणी नव्हते, म्हणून दोघांचेही काम अडले.

ताराबाईंनी गुजरातेतून दमाजी गायकवाडांना बोलावले. दाभाडे पक्षाचे दमाजी पेशव्यांवर डभईपासूनचा राग धरून होते. 1751 च्या सुरुवातीला सुमारे 15,000 फौजेनिशी ते घाट उतरून आले, साताऱ्याजवळ निंबला पेशव्यांच्या सरदारांचा पराभव करून ताराबाईंना भेटले. मार्चमध्ये वेण्णेच्या काठी त्र्यंबकराव पेठे यांनी त्यांना हटवले. नानासाहेबांनी नवा निजाम सलाबतजंग याच्याशी घाईने तडजोड करून लांब लांब मजला मारत सातारा गाठले. तहाची बोलणी चालू असतानाच एप्रिलच्या अखेरीस दमाजींच्या छावणीवर हल्ला झाला आणि त्यांना कैद केले. पुढे गुजरातचा अर्धा हिस्सा पेशव्यांना द्यायचे मान्य केल्यावर 1752 मध्ये ते सुटले. वचन देऊन पकडले, हा गायकवाडांचा राग पिढ्यान्‌पिढ्या राहिला. शाहू महाराज असते तर दोघांनाही रंगमहालात बोलावणे आले असते आणि गुजरातची वाटणी तिथे झाली असती. वाटणी कदाचित तीच ठरली असती, पण ती राजाची आज्ञा म्हणून घरी नेता आली असती.

किल्ला मात्र पडला नाही. नातवाला सोडवू पाहणाऱ्या आनंदराव जाधवांचा ताराबाईंनी शिरच्छेद करवला. पेशव्यांनी थेट हल्ला केला नाही. छत्रपतींच्या राजधानीच्या किल्ल्यावर, थोरल्या महाराजांच्या सुनेवर तोफा डागणारा पेशवा मराठा सरदारांत तोंड दाखवू शकला नसता. कोंडी करून वाट पाहणे हाच मार्ग होता.

जेजुरी

अखेर 14 सप्टेंबर 1752 रोजी जेजुरीला तडजोड झाली. खंडोबापुढे भंडारा उचलून पेशव्यांनी ताराबाईंच्या जिवाला आणि मानाला धक्का न लावण्याची हमी दिली. ताराबाईंनी शपथेवर सांगितले की रामराजा आपला नातू नव्हे. अडीच वर्षांपूर्वी रघूजींसमोर अन्नावर घेतलेली शपथ याच तोंडाने उलटली.

रामराजा खरा नातू होता का? त्याला तोतया म्हणण्यात ताराबाईंचा उघड स्वार्थ होता, आणि आधी नातू म्हणण्यातही. त्यामुळे दोन्ही शपथांना पुरावा म्हणून फारशी किंमत देता येत नाही. महत्त्वाचे हे की शपथ ऐकूनही नानासाहेबांनी रामराजाला गादीवरून काढले नाही. काढला असता तर 1750 पासून त्याच्या नावाने निघालेल्या सगळ्या सनदा, आणि सांगोल्याचा करारसुद्धा, खोटा ठरला असता. पुन्हा कोल्हापूरचा प्रश्न दारात आला असता. म्हणून राजा ज्याचा कुणी असेल तो असो, शिक्का चालू राहिला. डिसेंबर 1761 मध्ये ताराबाई वारल्या तोवर रामराजा त्यांच्याच ताब्यात होता. माधवराव पेशव्यांनी पुढे त्याला थोडी मोकळीक दिली.

दफ्तर पुण्याला

1752 नंतर कारभाराचे कागद, हिशेब, वकील, सावकार यांचा ओघ पुण्याकडे वळला. साताऱ्याला राजा, प्रधानांची घराणी आणि मानमरातब राहिले. अष्टप्रधानांतली बहुतेक पदे नावापुरती झाली. भांडण तोडणारी जागा मात्र पुण्यात तयार झाली नाही, कारण प्रत्येक भांडणात पुणे स्वतःच एक पक्ष होते. याचे सर्वांत वाईट उदाहरण आंग्र्यांचे. तुळाजी आंग्र्यांशी पेशव्यांचे बिनसले तेव्हा मध्ये पडणारे कुणी नव्हते. पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांना हाताशी धरले, आणि फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात मराठ्यांचेच आरमार इंग्रजांनी जाळले. शाहू महाराजांच्या काळात आंग्रे भावांचे तंटेही साताऱ्यापर्यंत येत असत.

हा बदल एका ठिकाणी अगदी जवळून पाहता येतो: पेशव्यांच्या पत्रांवरच्या शिक्क्यात. पेशव्याच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव, मग पेशव्याचे. शाहू महाराज असताना ‘राजा शाहू नरपति हर्षनिधान’, आणि त्याखाली बाजीराव बल्लाळ किंवा बाळाजी बाजीराव (म्हणजे नानासाहेब) प्रधान. 1750 नंतर वरची ओळ बदलून ‘राजाराम नरपति हर्षनिधान’ झाली. नानासाहेब पेशव्यांचे एखादे बिनतारखेचे पत्र हाती आले, तर ही पहिली ओळ वाचूनच ते शाहूंच्या हयातीतले की नंतरचे, हे सांगता येते. हा राजाराम म्हणजे किल्ल्यावर कोंडलेला तोच रामराजा. पुण्याहून दिल्लीला, पानिपतच्या मोहिमेवर, कर्नाटकात जी पत्रे गेली, त्यांवर त्याचेच नाव उमटत होते.

आणि वस्त्रेही साताऱ्याहूनच यावी लागत. जून 1761 मध्ये पर्वतीवर नानासाहेब वारले, तेव्हा माधवरावांची वस्त्रे तिथूनच आली. 18 एप्रिल 1774 रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला. बारभाईंच्या, म्हणजे पुण्याच्या कारभारी मंडळाच्या, हाती फौज, खजिना, किल्ले सगळे होते, तरी मूल 40 दिवसांचे झाले तेव्हा साताऱ्याच्या रामराजाने पाठवलेली पेशवेपदाची वस्त्रे पुरंदरावर त्याला देण्यात आली.